रेवाच्या खुरावरची रेघ

पुण्याच्या रेसकोर्सवर, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणापाशी मी उभी होते. ऑगस्ट संपत आला होता. रात्रभर पाऊस पडून गेलेला, गवत चिंब. समोरून एक कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी गेली, उंच आणि अंगानं जरा बारीकच. शेजारच्या गृहस्थांनी रेसबुकातून मान वर केली आणि सोबतच्याला म्हणाले, "हिला मागं नाल नाही. काहीतरी खोट असणार." मी खाली पाहिलं. पुढच्या पायांत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नाला चमकत होत्या, मागचे दोन्ही खूर मोकळे होते.

ती पाचवी आली. नोव्हेंबरात मी तिला इंदूरला घेऊन आले.

राऊच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. तिथे मी मुलांना रपेट शिकवते. रेवाला आणल्यापासून आजूबाजूचे घोडेवाले, वरातीच्या घोड्या ठेवणारे, आमच्या रामबागेतले नातेवाईक, सगळे मला एकच विचारतात: नाल काढली तर घोडा मोकळा होतो की लंगडा? माझ्या हातून दोन्ही झालं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझा मावसभाऊ पुण्यात एका तबेल्यात हिशेब बघतो. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला तिथे घेऊन गेला. नालबंदाचं काम चालू होतं. मी रेवाबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं तिचा मागचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि खुराच्या भिंतीवरून अंगठा फिरवला. जुन्या खिळ्यांची भोकं एकाला एक लागून होती, मधली कड पोपडे निघाल्यासारखी सुटलेली. खिळा धरायला जागाच उरली नव्हती. शर्यतीच्या घोड्याला दुसऱ्या वर्षापासून नाल लागते, दर तीन-चार आठवड्यांनी ती बदलते, आणि काही तबेल्यांत सरावाला पोलादी आणि शर्यतीला अ‍ॅल्युमिनियमची अशी अदलाबदलही चालते. दर वेळी नवे खिळे, नवी भोकं. थरोब्रेड जातीच्या घोड्यांची खुराची भिंत मुळातच पातळ असते. रेवाच्या मागच्या खुरांना आता नाल ठोकली असती, तर भर धावेत ती भिंतीचा तुकडा घेऊनच निघाली असती. म्हणून ती मागं बिननालीची पळाली. खोट म्हणाल तर ती खिळ्यांनी केलेली होती.

खिळा घोड्याला दुखतो का, हाही प्रश्न मला नेहमी येतो. खुराची बाहेरची भिंत म्हणजे आपल्या नखासारखीच मृत वस्तू आहे, तिच्यात संवेदना नाही. खूर उलटा धरून पाहिला तर भिंत आणि तळवा यांच्या मधोमध एक पांढरी रेघ दिसते. खिळा त्या रेघेच्या बाहेर राहिला तर घोड्याला कळतही नाही. आत गेला तर तो तिथल्या तिथे पाय ओढून घेतो. चांगला नालबंद आणि वाईट नालबंद यांच्यात फरक आहे तो दोन-तीन मिलिमीटरचा.

त्या नालबंदानं दुसरं कारणही सांगितलं, आणि त्याचाच मला पुढे मोह पडला. ते कारण म्हणजे वजन. मी त्याच्याकडून दोन जुन्या नाला मागून आणल्या आणि घरी स्वयंपाकाच्या काट्यावर तोलल्या. अ‍ॅल्युमिनियमची 102 ग्रॅम भरली, पोलादी 268. पाचशे किलोच्या जनावराला शंभर ग्रॅमचं काय, असं वाटेल. पण ते शंभर ग्रॅम कुठे आहेत ते बघायचं. घोड्याच्या पायाचे स्नायू सगळे वर, खांद्याला आणि पुठ्ठ्याला. गुडघ्याखाली नुसती हाडं आणि दोरखंडासारखे कंडरे. लांब काठीच्या टोकाला दगड बांधून फिरवा, मग तोच दगड मुठीजवळ बांधून फिरवा, हाताला लगेच समजेल. भरधाव घोडा एका ढांगेत साडेसहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे 1600 मीटरला अडीचशेच्या जवळपास ढांगा. प्रत्येक ढांगेला चारही पाय एकेकदा उचलले जातात. शंभर ग्रॅमची नाल धरली तरी एका शर्यतीत सगळ्या मिळून शंभर किलो वजन त्या काठीच्या टोकाला उचलावं आणि झुलवावं लागतं. मी हा हिशेब वहीत मांडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

फ्रान्स आणि स्वीडनमध्ये हे वजन फार मनावर घेतात. तिथे दुडक्या चालीच्या शर्यती असतात. घोडा दोन चाकांची हलकी गाडी ओढतो आणि त्यानं दुडकी सोडून चौखूर उधळायचं नाही, उधळला तर बाद. फ्रान्सच्या शर्यतपत्रिकेत घोड्याच्या नावापुढे डी-4 छापलेलं असेल तर चारही पाय बिननालीचे, डीए असेल तर पुढचे दोन, डीपी असेल तर मागचे दोन. पैसे लावणारे ते आधी वाचतात. नाल काढली की वेळ सुधारतो, आणि पाय हलका झाल्यामुळे चाल मोडून बाद होण्याचा धोकाही वाढतो. स्वीडनमध्ये तर हिवाळ्यात बिननालीचं पळवायला बंदीच आहे.

आमच्या भाच्यानं मला पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या शर्यतीचा व्हिडिओ पाठवला. चारही खूर उघडे, आणि ते घोडे असे चालले होते जणू जमीन त्यांना झेलत होती. मी तो किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. त्यात एक गोष्ट दिसत नव्हती, ती मी नंतर वाचली: यातले बरेचसे घोडे एरवी नाल घालूनच असतात. मोठ्या शर्यतीपुरती नाल काढतात आणि झाली की पुन्हा ठोकतात, कारण व्हॅन्सेनची धावपट्टी राखखडीची आहे आणि ती खूर कानशीसारखी झिजवते. म्हणजे ‘बिननालीचा घोडा’ असं आपण ज्याला म्हणतो, तो पुष्कळदा एका दिवसाचा बिननालीचा असतो. हे मला वेळेवर कळायला हवं होतं.

रेवा ट्रकमधून सहाशेएक किलोमीटरचा प्रवास करून उतरली तेव्हा थकलेली होती, पण चार पावलं चालून तिनं लगेच आमच्या आंब्याखालची माती हुंगली. पुढच्या नाला मुदत उलटून गेलेल्या होत्या. खूर वाढून टाचेशी नालेच्या बाहेर आलेला. ज्यांनी तिला विकली त्यांनी शेवटचे सहा-सात आठवडे तिच्या पायांकडे पाहिलेलंच नव्हतं. याचा राग मला अजून आहे. घोडा विकायचा ठरला की त्याचा खर्च त्या दिवसापासून थांबतो, आणि ते पहिल्यांदा खुरांत दिसतं.

आमचे नालबंद चाचा सत्तरीला टेकलेले आहेत. त्यांनी चारही पाय पाहिले, मागचे खूर कानशीनं गोल केले, पुढची जीर्ण नाल काढून साफसूफ करून पुन्हा ठोकली आणि म्हणाले, "पीछे के खुले रहने दो। आगे के अभी मत छेड़ना, बारिश के बाद देखेंगे।" घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. पैसे देताना मला आजोबांचा ‘नालबंदी’ हा शब्द आठवला. मराठी दप्तरांत शिलेदाराला मोहिमेआधी जी उचल मिळे तिला नालबंदी म्हणत. सगळ्या स्वारीचा खर्च त्या काळी नालेच्या नावानं मोजला जाई, इतकी ती मुळाची गोष्ट होती.

आणि मी पुढचा पाऊस सरेपर्यंत थांबले नाही. मागचे पाय छान चालले होते, तो व्हिडिओ डोक्यात होता, मालव्यातली थंडी पडली होती, जमीन कोरडी. 15 डिसेंबरला मी चाचांना बोलावून पुढच्या नालाही काढायला लावल्या. ते दोनदा नको म्हणाले. मी ऐकलं नाही.

पहिला आठवडा ती सांभाळून चालली. आमच्या आवारात रेतीचं रिंगण आहे, तिथे काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी तिला बाहेरच्या रस्त्यानं नेलं. तो खडीचा आहे, ट्रॅक्टरांनी उखणलेला. तिचं पाऊल आखडलं, ती बांधाकडची मऊ कड शोधायला लागली. मी समजले, सवय होईल. आपण अनवाणी चाललो तर चार दिवसांनी तळवे घट्ट होतात, तसं काहीसं माझ्या मनात होतं. पण शर्यतीच्या घोड्याचा तळवा वर्षानुवर्षं नालेनं जमिनीपासून उचलून धरलेला असतो. तो कधी घट्ट झालेलाच नसतो, आणि तो चार दिवसांत होत नाही.

जानेवारीच्या सहा तारखेला सकाळी आमच्या मोतद्दाराचा फोन आला, रेवा पुढचा डावा पाय टेकवत नाही. मी पोचले तेव्हा ती तीन पायांवर उभी होती, अंगावर घाम, तोही इंदूरच्या जानेवारीत. मला वाटलं हाड मोडलं. खूर हातात घेतला तर गरम. खुराच्या वरच्या सांध्यामागून जाणारी नाडी बोटाला थाडथाड लागत होती.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई आमच्याकडे येतात. त्यांनी खुराला चिमटा लावून कडेनं दाबत नेलं. पुढ्याजवळ, म्हणजे खुराच्या पुढच्या टोकाशी, एका जागी रेवानं पाय झटकन ओढला. बाईंनी तिथे वाकडी सुरी घेऊन थोडंथोडं कोरलं आणि करड्या-काळ्या रंगाचा पू बाहेर आला, वास असा की मोतद्दार मागं सरला. तळव्याला खडा लागून आत रक्त साकळलं होतं, त्याचा गळू झाला होता. खूर कठीण कवचाचा असल्यामुळे सुजायला जागा नसते, म्हणून साध्या गळवानंही घोडा हाड मोडल्यासारखा लंगडतो. पू निघाल्यावर अर्ध्या तासात तिनं पाय टेकवला. बाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. मग चार दिवस रोज गव्हाचा कोंडा आणि मॅगसल्फ गरम पाण्यात कालवून त्याचा पोटीस, वर फडकं, वर प्लॅस्टिक, वर चिकटपट्टी. मी ते स्वतःच्या हातानं बांधत होते. रेवा माझ्या पाठीवर हनुवटी ठेवून उभी राहायची आणि मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यात पायाचा एक्स-रे काढला. तळव्याची जाडी 8 मिलिमीटर. बाई म्हणाल्या, पंधरा तरी हवी. आम्ही पुन्हा नाल ठोकायची का, यावर बराच वेळ बोललो. भिंत मागच्या पायांसारखीच भोकांनी भरलेली होती, आणि डाव्या खुरात गळवाचं तोंड उघडं. शेवटी ठरलं की नाल नको, पण अनवाणीही नको. बाहेर काढायची तर रबराचे बूट घालून. मी मागवलेला पहिला जोड मोठा निघाला, दुसरा बरोबर बसला. सोबत बाईंनी खाणं बदललं. शर्यतीच्या तबेल्यातून ती भरपूर जई, म्हणजे ओट, खात आली होती आणि आमच्याकडे प्रेमानं गूळ देणारे हात पुष्कळ होते. साखर आणि पिष्ट जास्त झालं की खुराच्या आत हाडाला भिंतीशी बांधून ठेवणारे पडदे सुजतात. गूळ बंद झाला, धान्य अर्ध्यावर आलं, गवत आणि भूस वाढलं.

मग ती रेघ दिसली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला खुराला तेल लावताना माझ्या लक्षात आलं की वर, केसांच्या कडेखाली बोटभर जागेत खुराचा कोन वेगळा आहे. जुना खूर पुढ्याकडे पसरत गेलेला, आणि नवा जरा उभा, घट्ट, गुळगुळीत. दोघांच्या मध्ये खुराभोवती फिरलेली एक बारीक कंगोऱ्यासारखी रेघ. चाचा म्हणाले, ही रेघ जमिनीला लागेल त्या दिवशी घोडी तयार. खूर वरून खाली वाढतो, महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर. वरच्या कडेपासून पुढ्याच्या टोकापर्यंत तिचा खूर 84 मिलिमीटर होता. म्हणजे दहा महिने, आणि त्यात काही केलं तरी घाई होण्यासारखी नव्हती. मी दर पंधरा तारखेला पट्टी लावून मोजायला लागले. मार्चमध्ये 25, जूनमध्ये 52. शर्यतीच्या तबेल्यात दहा महिने कोण देणार? तिथे घोड्याचं कमावतं वय तीन-चार वर्षांचं. ते नाल ठोकतात यात मला आता क्रूरपणा दिसत नाही, कारण त्यांच्याकडे हा वेळच नाही.

काम कंटाळवाणं होतं आणि तेच मला सगळ्यात आवडलं. पाण्याच्या टाकीभोवती आम्ही बडवाहकडून आलेली गोलसर खडी पसरली, म्हणजे पाणी प्यायला गेली की दिवसातून दहा वेळा तिचा तळवा त्या खडीवर दाबला जाईल. चाचा दर तीन आठवड्यांनी यायचे आणि फार थोडं कापायचे. मी फोन जमिनीवर ठेवून तिच्या चालीचा व्हिडिओ सावकाश गतीनं बघायचे. डिसेंबरात ती पुढा आधी टेकवत होती, टाच दुखते म्हणून. एप्रिलमध्ये पहिल्यांदा टाच आधी टेकली. खुराच्या तळाशी मागच्या बाजूला त्रिकोणी मऊ भाग असतो, त्याला पुतळी म्हणतात. भार आला की ती जमिनीवर दाबते, टाच किंचित रुंदावते आणि धक्का तिथे विरतो. नाल आणि तिचे खिळे या रुंदावण्याला आवर घालतात. रेवाची पुतळी आली तेव्हा वाळलेल्या खारकेसारखी अरुंद होती. मे महिन्यापर्यंत ती भरली, रुंद झाली, बोटानं दाबली की रबरासारखी परत यायला लागली.

काढलेल्या नालांचीही एक गंमत नव्हे, पण सांगण्यासारखी गोष्ट झाली. पाच-सहा जण शनीच्या अंगठीसाठी त्या मागायला आले. काळ्या घोड्याची हवी असते आणि रेवा कुमैत आहे, हे सांगितल्यावर परत गेले. नाला माझ्याकडेच आहेत.

पावसाळ्यानं परीक्षा पाहिली. मालव्याची काळी माती भिजली की पायाला गोळा होऊन चिकटते, खूर फुगून मऊ पडतो. जुलैत दोन खुरांच्या पुतळीच्या खाचांतून काळा ओशट चिखल निघाला, सडका वास. सड लागली होती. बांधायच्या जागेला विटांचा ओटा करून घेतला, दिवसातून दोनदा खूर खरवडून कोरडे करायचे, खाचांत मोरचुदाचं पातळ पाणी भरलेला कापूस. तीन आठवड्यांत आटोक्यात आलं. ओल्या गवतावर ती दोनदा घसरलीही. नालेच्या बाजूनं हा मुद्दा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही: ओल्या हिरवळीवर नालेची कड रुतते. ब्रिटनमध्ये 2020 पासून अडथळ्यांच्या शर्यतीत मागच्या पायांना नाल सक्तीची केली ती घसरण्याच्याच भीतीनं. म्हणून पावसात मी तिला पळवलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला चाचा आले तेव्हा रेघ पुढ्याच्या कडेशी दोन मिलिमीटरवर होती. त्यांनी कानस चालवली आणि जुन्या खुराचा शेवटचा चंद्रकोरीएवढा तुकडा गळून पडला.  पुण्याहून आलेल्या खुराचं तेवढंच उरलं होतं. चाचांनी तो उचलून माझ्या हातात दिला. नोव्हेंबरात पुन्हा एक्स-रे काढला. तळवा 14 मिलिमीटर.

सोयाबीन निघालं होतं. त्याची खुंटं सुयांसारखी टोचतात, म्हणून मी तिला बांधावरून फिरवत पलीकडच्या, गव्हासाठी नांगरून वखरलेल्या शेतात नेलं. लगाम सैल सोडला. ती आधी दुडक्या चालीनं गेली, मग तिचे कान पुढे झाले आणि ती पसरली. नाल असती तर ऐकू आला असता तो खणखणाट नव्हता, नुसते मातीत पडणारे जड, मऊ ठोके आणि तिचा श्वास. बांधाशी आल्यावर ती आपणहून थांबली. मी उतरून चारही खूर पाहिले.

खडीच्या रस्त्यावर अजूनही मी पुढे बूट घालते. मागच्या महिन्यात शेजारच्या एकांनी पुण्याहून असाच एक घोडा आणला आणि माझ्याकडे आले, लगेच नाल काढायची म्हणून. चाचांनी त्याचे खूर पाहिले, तळव्यावर अंगठा दाबला, घोड्यानं पाय ओढला. "इसको अभी नहीं," म्हणाले, आणि पिशवीतून खिळे काढले. मी घोड्याचं तोंड धरून उभी राहिले.